शाळेचा बिनशिक्क्याचा काटा

शाळेतून पत्र आलं, तेव्हा काटेसाहेबांनी ते उघडण्याआधी तळहातावर तोलून पाहिलं. "दहा ग्रॅमच्या आत आहे," असं स्वतःशीच म्हणाले आणि मग कात्रीने पाकिटाची कड कापली. माणसाच्या हातात आलेली कुठलीही वस्तू आधी वजन असते आणि मग वस्तू, अशी त्यांची श्रद्धा होती.

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते आणि हे नाव बाजारपेठेने त्यांना प्रेमाने, म्हणजे दात-ओठ खाऊन, दिलेलं होतं. ते पेठेच्या या टोकाला दिसले की त्या टोकापर्यंतच्या पारड्यांवरचे अंगठे आपोआप उचलले जात. सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाचा चहा घेतला नव्हता की कुणाचा पहिला गुन्हा माफ केला नव्हता. खात्याच्या तिजोरीत मखमलीत ठेवलेलं एक किलोचं पितळी प्रमाण वजन होतं. त्याला हातमोज्याशिवाय शिवायचं नाही, कारण बोटाच्या घामानेसुद्धा त्याचं वजन वाढतं. वर्षातून एकदा ते बाहेर काढलं जाई, तेव्हा काटेसाहेब श्वास रोखून उभे राहत. जगात इतकी खरी गोष्ट असू शकते, याचं त्यांना दरवर्षी नव्याने नवल वाटे.

तर पत्र. पत्रात लिहिलं होतं : "आरोग्य तपासणीत आपल्या पाल्याचे वजन वय व उंचीच्या मानाने बरेच अधिक आढळले आहे. अशा मुलांना पुढे मधुमेह, रक्तदाब आदी विकार होण्याचा संभव असतो. कृपया वैद्यकीय सल्ला घ्यावा."

कुठल्याही बापाची नजर 'मधुमेह' या शब्दावर अडली असती. काटेसाहेबांची अडली 'आढळले' या शब्दावर.

"आढळले म्हणजे कुठल्या काट्यावर आढळले?" त्यांनी बायकोला विचारलं.

बायको पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसायची. दिवसभर वजनंच करून ती घरी आलेली असे, त्यामुळे या विषयावर तिला घरी बोलायची हौस नव्हती. "अहो, काटा कुठला का असेना. पोरगी तिसरा मजला चढताना दोनदा थांबते, ते दिसत नाही का तुम्हाला?"

"थांबते हे निरीक्षण झालं. मोजमाप नव्हे."

पोरगी, म्हणजे त्यांची एकुलती एक तेरा वर्षांची मुलगी, तिथेच सोफ्यावर वाचत बसली होती. घरी तिला चिमणी म्हणत. जन्मली तेव्हा ती खरोखरच चिमणीएवढी होती. तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं. "बाबा, नर्सबाईंनी मला ते बाजूला बोलावून, कानात सांगितलं. चांगल्या आहेत त्या. वर्गात कुणाला कळलं नाहीये. तुम्ही प्लीज शाळेत येऊ नका."

"मी कशाला येतोय?" काटेसाहेब म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्या क्षणी त्यांना फक्त काट्याचा नंबर हवा होता.

बातमी इमारतीत पसरायला संध्याकाळ पुरली. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, बाळसं आहे ते. उंची वाढली की सगळं ओढलं जातं. आमच्या मोठ्याचं नाही का झालं?" त्यांचा मोठा आता चाळिशीचा होता, गुडघ्याचं ऑपरेशन करून वर्षभर घरी बसला होता आणि उंची अजून वाढायची होती. समोरचे निवृत्त कवायत मास्तर म्हणाले, "माझ्या ताब्यात द्या. पहाटे पाचला उठवतो, मैदानाला वीस फेऱ्या." मैदान दोन वर्षांपूर्वीच पार्किंग झालं होतं, याची त्यांना आठवण करून द्यावी लागली. औषधाच्या दुकानदाराने जेवणाऐवजी घ्यायच्या पावडरचा डबा दाखवला. काटेसाहेबांनी तो घेतला, तोलला, डब्यावर लिहिल्यापेक्षा बारा ग्रॅम कमी भरला म्हणून दुकानदाराला नोटीस दिली आणि समाधानाने घरी आले. चिमणीचा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेला फोन केला. शाळेच्या काट्यावर पडताळणीचा शिक्का आहे का? लिपिक म्हणाला, "शिक्का मुख्याध्यापिकांच्या कपाटात असतो, कसला पाहिजे?" एवढं पुरे होतं. काटा बिनशिक्क्याचा! ज्या काट्यावर अर्धा किलो बटाटे विकले तर गुन्हा होतो, त्या काट्यावर माझ्या मुलीला मधुमेह सांगता?

पण इथे घोडं पेंड खाऊ लागलं. खात्याचे मोठे साहेब म्हणाले, "आपला अधिकार व्यापाराच्या काट्यांवर. शाळा मुलं विकते का?" काटेसाहेबांनी नियमपुस्तक आणलं आणि परिशिष्टाच्या तळटीपेतून 'सार्वजनिक हितार्थ तोलणे' असे तीन शब्द शोधून काढले. साहेबांनी ते वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि फाईल पुढे ढकलली. फाईल सात टेबलं फिरली. वीस किलोची लोखंडी वजनं बाहेर न्यायला दोन सह्यांचा पास लागतो. त्यातली एक सही भांडारपालाची, आणि भांडारपाल मेव्हणीच्या लग्नाला गेलेला. तो परत आला तेव्हा पासाची मुदत संपली होती. या सगळ्यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत बायकोने चारदा म्हटलं, "तोपर्यंत डॉक्टरला तरी दाखवू," आणि काटेसाहेबांनी चारदा उत्तर दिलं, "आधी पुरावा, मग कारवाई."

अखेर एका सोमवारी जीप शाळेच्या दारात उभी राहिली. चिमणीने नको म्हटलं होतं, हे त्यांना आठवत होतं. पण ही भेट बाप म्हणून नव्हे, निरीक्षक म्हणून आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

काटा तिसऱ्या मजल्यावर होता. जीपच्या ड्रायव्हरने कंबर धरली. शाळेच्या शिपायाने "आमच्या कामात हे येत नाही" असं नियमावर बोट ठेवून सांगितलं, आणि नियमावर बोट ठेवणाऱ्याशी वाद घालणं काटेसाहेबांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पहिलं वीस किलोचं वजन दोन्ही हातांनी उचललं, पोटाशी धरलं आणि जिना चढू लागले. पहिला मजला रुबाबात झाला. दुसऱ्याला कानात ठोके पडू लागले. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या वळणावर ते वजनासकट पायरीवर बसले. घाम नाकाच्या शेंड्यावरून वजनावर पडत होता. चार-पाच मुली त्यांना वळसा घालून वर गेल्या. "काका, पाणी आणू का?" एकीने विचारलं. उत्तर द्यायलाही दम नव्हता. अशा तीन फेऱ्या त्यांनी केल्या, आणि प्रत्येक फेरीनंतर ते वजन खाली ठेवताना जो हलकेपणा वाटला, त्याला तोड नव्हती.

तपासणीची खोली लहान, म्हणून काटा बाहेर व्हरांड्यात काढला होता. त्याच दिवशी आठवीची फेरतपासणी होती, म्हणून आठवीच्या मुली भिंतीला लागून रांगेत उभ्या होत्या. मुख्याध्यापिका हाताची घडी घालून बघत होत्या. नर्सबाई वही घेऊन उभ्या होत्या. काटेसाहेबांनी हातमोजे चढवले, रुमालाने काटा पुसला आणि पहिलं वजन ठेवलं. वीस. बरोबर वीस. दुसरं ठेवलं. चाळीस. तिसरं ठेवलं आणि त्यांचे डोळे चमकले. एकोणसाठ किलो सातशे!

"चूक!" ते ओरडले. "तीनशे ग्रॅमची चूक! काटा कमी दाखवतो!"

मग नर्सबाई सावकाश म्हणाल्या, "कमी दाखवतो, म्हणजे मुलींचं खरं वजन लिहिलंय त्याहून जास्त आहे. आम्ही सूटच देत होतो म्हणायचं, साहेब."

मुख्याध्यापिकांनी घसा खाकरला. रांगेत खसखस पिकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काटेसाहेबांचे कान लाल झाले. अशा वेळी माणूस देवाला शरण जातो. काटेसाहेब फॉर्मला शरण गेले. त्यांनी तपासणीचा फॉर्म काढला आणि खाली मान घालून रकाने भरू लागले. नाव, ठिकाण, काट्याची क्षमता, त्रुटी. अकरावा रकाना होता : 'वादग्रस्त मालाचे फेरवजन'. सव्वीस वर्षं हा रकाना आला की ते एकच वाक्य बोलत आले होते. तोंडाने ते त्यांना न विचारता बोलून टाकलं.

"वादग्रस्त माल काट्यावर घ्या."

बोलल्यावर त्यांनी मान वर केली. सगळ्या मुली एकाच दिशेला बघत होत्या. रांगेत सातव्या जागी चिमणी उभी होती.

काटेसाहेबांना वाटलं, आपण मेलो तर बरं. त्यांनी हात पुढे केला, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पण तोवर चिमणी रांगेतून बाहेर आली होती. तिने बूट काढले. जोडीने, नीट, भिंतीशी ठेवले. काट्यावर चढली, ताठ उभी राहिली, खाली वाकून आकडा पाहिला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तो स्वतःच वाचला. मग म्हणाली, "अधिक तीनशे ग्रॅम. काटा कमी दाखवतो."

तो आकडा काय होता, हे इथे सांगता येणार नाही. त्याबद्दल तिनं पुढे एक अट घातली आहे, आणि ती आपल्यालाही लागू आहे.

कुणीही हसलं नाही. ती खाली उतरली, बूट घातले, नाड्या बांधल्या आणि रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. काटेसाहेब हातमोजे घातलेले हात तसेच पुढे धरून बघत राहिले. असा खरेपणा त्यांनी मखमलीतल्या पितळी वजनाखेरीज कुठे पाहिला नव्हता, आणि हा तर त्यांच्याच घरात, रोज त्यांच्यासमोर जेवायला बसत होता.

घरी मात्र त्या खरेपणाची दुसरी बाजू दिसली. चिमणी चार दिवस बापाशी बोलली नाही. "आई, बाबांना सांग पंखा बंद करा," असं बाबांच्या पुढ्यात बसून आईला सांगायची. हे काटेसाहेब सोसत होते. पण दुसऱ्या दिवशी तिनं डबा भरलेला परत आणला, रात्री "भूक नाही" म्हणून दार लावून घेतलं, तेव्हा बायको घाबरली.

"आता ही उपाशी राहायला लागली तर आगीतून फुफाट्यात," ती काटेसाहेबांना म्हणाली. "तुम्हीच घातलाय हा घोळ, तुम्हीच निस्तरा."

काटेसाहेब बंद दारापुढे जाऊन उभे राहिले. नोटिसा त्यांनी हजारो दिल्या होत्या. माफी मागायचा प्रसंग आला नव्हता, त्यामुळे मसुदा सुचेना. "झाला प्रकार खेदजनक..." अशी त्यांनी सुरुवात केली आणि ती त्यांनाच इतकी वाईट वाटली की त्यांनी ती अर्ध्यावर सोडली. मग म्हणाले, "चिमणे, मी चुकलो गं. तू सांगितलं होतंस येऊ नका, आणि मी आलो. तू किती मोठी आहेस आणि मी किती मूर्ख आहे, ते मला त्या दिवशी कळलं."

मग दारामागून आवाज आला, "मोठी म्हणजे?"

"अगं, मनाने!" काटेसाहेब घाईघाईने म्हणाले. "मनाने मोठी!"

दार बोटभर उघडलं. "मी डॉक्टरकडे येईन. जेवेन पण. पण एक अट आहे. माझा आकडा तुम्ही यापुढे बघायचा नाही, ऐकायचा नाही, कुणाला विचारायचा नाही. आणि अंदाज पण करायचा नाही."

"अंदाज आपोआप होतो गं. नुसतं बघितलं तरी—"

"मग डोळे मिटा."

काटेसाहेबांनी दाराच्या फटीसमोर डोळे मिटले आणि होकार दिला.

मुलांच्या डॉक्टरीण बाई साध्या होत्या, सावकाश बोलणाऱ्या. वजन-उंची घेताना त्यांनी काटेसाहेबांना बाहेर उभं केलं, मग आत बोलावलं. काटेसाहेबांनी बसल्या बसल्या विचारलं, "यात दोषी कोण?"

"दोषी?"

"कुणीतरी पारड्यावर अंगठा ठेवल्याशिवाय वजन वाढत नाही. अंगठा कुणाचा, तेवढं सांगा. पुढचं मी बघतो."

डॉक्टरीण बाई हसल्या. "इथे एक अंगठा नसतो हो. वीस-पंचवीस करंगळ्या असतात." आणि काटेसाहेबांना सोडून त्या चिमणीशी बोलू लागल्या. ती कशी जाते, कशी येते, काय करते, कधी झोपते. चिमणी सांगत गेली. बस दारातून शाळेच्या दारात. शाळा सुटली की शिकवणी, सात वाजेपर्यंत बसून. तिथल्या मशीनमधलं गोड पेय, पेपर चांगला गेला की एक आणि वाईट गेला की दोन. मैदान नाही. धड्यांचे व्हिडिओ बघत साडेअकरा, उठायचं साडेपाचला. "इतकी कमी झोप मिळाली की शरीर भूक वाढवतं," बाई म्हणाल्या. "हा तुझा हावरटपणा नव्हे. शरीर घाबरतं." चिमणीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"जन्माच्या वेळचं वजन?" बाईंनी विचारलं.

या प्रश्नाची काटेसाहेब तेरा वर्षं वाट पाहत होते. त्यांनी ग्रॅमसकट सांगितलं.

"बाबा," चिमणी म्हणाली, "तो पण आकडा माझाच आहे."

काटेसाहेबांनी तोंडावर हात ठेवला. बाईंनी मात्र तो लिहून घेतला होता. म्हणाल्या, इतक्या लहान जन्मलेल्या बाळाचं शरीर पहिल्या दिवसापासून साठवायला शिकतं, पुढे मिळेल न मिळेल म्हणून. त्यात घरचे धास्तीने भरवत राहिले की ते साठवतच जातं. काटेसाहेबांना ते दिवस आठवले. रोज सकाळी खात्याच्या काट्यावर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, आणि दहा ग्रॅम वाढले की घरभर आनंद. त्यांनी तो आनंद तेरा वर्षं थांबवलाच नव्हता.

"घरात येता-जाता खायला काय असतं?"

"तपासलेली बिस्किटं," चिमणी म्हणाली.

इथे खुलासा आवश्यक आहे. बंद पाकिटातला माल पाकिटावर लिहिल्याइतका भरतो की नाही, हे तपासायला निरीक्षकाला पाकिटं फोडावी लागतात. फोडलेली पाकिटं दुकानात परत जात नाहीत, आणि नष्ट करायची तर तीन सह्या लागतात. अन्न वाया घालवू नये, म्हणून मोठ्या साहेबांच्या तोंडी परवानगीने ती कचेरीतले लोक वाटून घेत. ज्या माणसाने सव्वीस वर्षं कुणाचा चहा घेतला नाही, त्याच्या घरात त्यामुळे बिस्किटं, वेफर आणि चॉकलेटांची टोपली कधी रिकामी नसे. प्रत्येक पाकिटावर काटेसाहेबांच्या अक्षरात लाल शाईने लिहिलेलं असे : 'निव्वळ वजन बरोबर'.

चिमणीने दप्तरातून तसलं एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी ते लाल अक्षर वाचलं आणि पाकीट काटेसाहेबांकडे सरकवलं. "निव्वळ वजनाच्या खाली काय लिहिलंय?"

काटेसाहेबांनी चष्मा लावला. खाली बारीक अक्षरांत एक तक्ता होता. शंभर ग्रॅममध्ये साखर इतकी, चरबी इतकी, मीठ इतकं. ते वाचत गेले. पुन्हा वाचलं. आयुष्यात त्यांच्या हातून लाखभर पाकिटं गेली असतील आणि त्या प्रत्येकावरची त्यांनी एकच ओळ वाचली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा छापील स्वरूपात त्यांच्यापुढे आला होता. आत शंभर ग्रॅम भरतात याची त्यांनी खात्री केली होती. ते शंभर ग्रॅम कशाचे आहेत, हे कधी विचारलंच नव्हतं.

"करंगळ्या पुष्कळ आहेत म्हणालात," ते हळू आवाजात म्हणाले, "पण यातला एक अंगठा माझा निघाला."

रक्ताचा अहवाल आल्यावर बाईंनी पुढचं सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला नाही, म्हणून ते जास्त लागलं. मानेवर हा काळसर पट्टा दिसतो, तो मळ नव्हे. साखर जिरवायला शरीराला फार जोर लावावा लागतोय, त्याची ती खूण. रक्तातली साखर उंबरठ्यावर आहे. असंच चालू राहिलं तर जो मधुमेह साठीत यायचा तो पंचविशीत येईल, त्याच्यामागून रक्तदाब, मग हृदय. गुडघे, खुबे लवकर झिजतील. झोपेत श्वास अडकेल. या वयातलं वजन बहुतेकदा मोठेपणीही सोबत येतं. आणि मनावर होतं ते वेगळंच. ते तर कुठल्या तपासणीत दिसत नाही. काटेसाहेबांना शाळेच्या जिन्यातली ती पायरी आठवली. वजन खाली ठेवल्यावर किती हलकं वाटलं होतं. ही पोर ते पोटाशी धरून रोज तीन मजले चढत होती, आणि तिला ते खाली ठेवता येत नव्हतं.

मग सोनोग्राफी झाली. काळ्या पडद्यावर एक करडा आकार हलला. "हे यकृत," बाई म्हणाल्या. "ही पांढुरकी झाक आहे ना, ती चरबी." काटेसाहेब उठून पडद्याजवळ गेले. चिमणीच्या श्वासाबरोबर तो आकार वर-खाली होत होता. बाई सांगत होत्या : शेकडो कामं करतं हे, जन्माच्या आधीपासून, एक दिवसाची रजा नाही. साखर मोजून घेतं, मोजून सोडतं. काटेसाहेबांनी जन्मभर काटे तपासले होते; दर वर्षी ते बिघडत, दर वर्षी जुळवावे लागत. हा काटा तेरा वर्षं कुणी जुळवला नव्हता, त्यावर कुणाचा शिक्का नव्हता, आणि सगळ्यांनी मिळून त्याच्यावर एवढं लादलं तरी तो मुकाट्याने मोजत होता. त्यांचे डोळे भरून आले.

"हे बरं होतं का?"

"यकृत फार क्षमाशील असतं," बाई म्हणाल्या. "सहा-आठ महिने त्याला मोकळीक द्या, बहुतेक वेळा ते विसरून जातं."

काटेसाहेबांनी मनात हिशेब केला. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही पहिला गुन्हा माफ केला नव्हता, आणि इथे हजारावा गुन्हा माफ होत होता.

बाईंनी एक गोष्ट बजावली : मुलीला एकटीला पथ्यावर ठेवायचं नाही. बदलायचं ते घर. झालं, घराचा कायापालट सुरू झाला आणि इमारतीची झोप उडाली. टोपली गेली. फोडलेली पाकिटं काटेसाहेबांनी तीन सह्या घेऊन नष्ट करायला लावली, तेव्हा मोठे साहेब आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. फोन नऊ वाजता स्वयंपाकघरातल्या डब्यात जाऊ लागले. डब्याभोवती घुटमळताना पहिले सापडले ते काटेसाहेबच. रोज तासभर हालचाल हवी, पण आवडीची, असं बाई म्हणाल्या होत्या. चिमणीने शाळेच्या बँडमधला मोठा ढोल निवडला. गळ्यात अडकवून, चालत, वाजवायचा. सराव गच्चीवर. खालच्या काकूंनी लेखी तक्रार केली. कवायत मास्तर मात्र दुसऱ्याच दिवशी शिट्टी घेऊन गच्चीवर गेले आणि "डावा, उजवा" करत तिच्या पुढे चालू लागले. पहिले दोन आठवडे ती दहा मिनिटांत थांबे. नंतर मास्तर थांबू लागले.

सहा महिन्यांनी दवाखान्यात पुन्हा तारीख आली. काटेसाहेब कचेरीतून थेट, गणवेशात आले. बाईंनी आधी सोनोग्राफीला त्यांना आत घेतलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. तोच आकार, तोच श्वास. पांढुरकी झाक जवळपास गेली होती. काटेसाहेबांनी पडद्याला हात जोडले. चिमणी म्हणाली, "बाबा, लोक बघतायत," पण ती रागावली नव्हती.

"आता वजन," बाई म्हणाल्या, आणि काटेसाहेब शिस्तीत बाहेर येऊन बसले.

बाहेर पंचवीसएक माणसं होती. दुर्दैव असं की काट्याच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं आणि आतल्या नर्सला आकडे मोठ्याने सांगायची सवय होती. आधीच्या मुलाचा आकडा साऱ्या दालनाला ऐकू आला. शेजारी कोपऱ्यावरचा वाणी नातवाला घेऊन बसला होता. त्याला काटेसाहेबांनी तीनदा दंड केलेला. आत काट्याची फळी करकरली. ती करकर ऐकून किलोपर्यंत अंदाज बांधणारे कान होते ते. काटेसाहेबांनी दोन्ही कानांत बोटं घातली, डोळे घट्ट मिटले आणि तेवढ्याने भागेना म्हणून एकोणतीसचा पाढा म्हणायला सुरुवात केली. कानात बोटं असल्यामुळे आपण किती मोठ्याने म्हणतोय, हे त्यांना कळत नव्हतं. "एकोणतीस एके एकोणतीस!" दालन चपापलं. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!" एक बाळ रडायला लागलं. पेठ ज्यांना पाहून थरथरायची ते काटेसाहेब गणवेशात, डोळे मिटून, एकोणतीसचा पाढा संपवून तीसच्याला लागले.

वाण्याने त्यांना ढोसलं तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला. समोर चिमणी बूट हातात धरून उभी होती. ती बहुधा बऱ्याच वेळापासून तिथे होती.

"काय साहेब," वाणी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "किती भरलं पोरीचं?"

काटेसाहेबांनी कानातली बोटं काढली आणि ताठ बसले. "मला माहीत नाही."

"तुम्हाला?" वाणी हसायला लागला. "वजन, आणि तुम्हाला माहीत नाही?"

"खरंच माहीत नाही त्यांना, काका," चिमणी म्हणाली. तिने बूट खाली टाकले, पाय घातले आणि त्या भरल्या दालनात सगळ्यांसमोर बाबांचा हात धरला.